ओवाळणीतलं नाव

"काय गं, माझं बाळ कसं आहे?" आत्यांनी प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

मी घाईघाईनं काचेच्या बशीवर वर्तमानपत्र ओढलं. "आहे तसंच आहे, आत्या. अजून काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

थाप. चक्क थाप. बाळ त्या कागदाखाली चांगलं वाढीला लागलं होतं आणि ते बघूनच मला घाम फुटला होता. आत्यांचा चेहरा उतरला. हातातला डबा त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. घावणे आहेत, गरम आहेत तोवर खा. आणि त्या फॉर्मलिनच्या हातांनी नको खाऊस, धू आधी." गेल्या बिचाऱ्या. मी हात धुतले आणि घावणे खाल्ले. आत्या रिकामा डबा परत मागायच्या, म्हणून खाल्ले.

तेव्हा मी केळुसकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. आमच्या तळकोकणातल्या गावचंच कॉलेज, मागच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. विषय समुद्रातली शेवाळं, त्यातही लाल. माझा बाबा ट्रॉलरवर तांडेल, बोटीचा म्होरक्या; आमचं आडनावही तांडेलच. आई म्हणायची, "जाळ्यात अडकलं की जी घाण आम्ही फेकून देतो, ती वाळवून कागदाला चिकटवायला तुला विद्यापीठ कशाला लागतं गं यशू?" तिला मी काय सांगणार? ओहोटीला खडक उघडे पडले आणि त्यावरचं एखादं गुलाबी पीस पाण्याच्या ताटात सोडून कागदावर अलगद उचललं, की मला जेवणखाण सुचत नसे. इतकंच.

आत्या म्हणजे सरांची धाकटी बहीण, अनसूया. सर त्यांना अनू म्हणत, आम्ही विद्यार्थी आत्या. लग्न केलेलं नव्हतं. मुलींच्या शाळेत सायन्स शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि भावाच्या घरीच राहत. वहिनी गेल्यावर ते घर त्यांच्याच हातांवर चाललं होतं. त्यांनीही एकेकाळी सरांबरोबर वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. वडील अचानक गेले, सरांना फेलोशिप मिळाली होती, घरात कुणीतरी कमवायला हवं होतं, म्हणून यांनी एम.एस्सी. अर्धवट सोडून शाळा धरली. हे मला सरांनीच सांगितलं होतं.

आणि एक गोष्ट सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचे. अगदी टोकाच्या खडकावर, फक्त अमावस्या-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला दिसतं असं एक लाल शेवाळ होतं. दुसऱ्या शेवाळांना चिकटलेला पिंजारलेला गोळा. आम्ही त्याला कापूस म्हणायचो. सर तरुण असताना त्यांनी ठरवलं, ही नवी जात आहे, जगात कुणी नोंदवलेली नाही. त्यांच्या डॉक्टरेटचा कणाच तो. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. सरांनी नाव दिलं अनसूयाए, म्हणजे अनसूयेची. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्याच्यामागे नाव ठेवणाऱ्याचं आडनाव लागलं, केळुसकर.

"निबंध छापून आला तो नेमका भाऊबीजेला," सर सांगायचे. "खिशात काही नव्हतं. तोच तबकात घातला. म्हटलं, अनू, ही घे ओवाळणी. साडी काय, फाटून जाते. हे नाव जगबुडीपर्यंत राहील."

ऐकणाऱ्या मुली हळहळायच्या, मीही हळहळले होते. आत्या मात्र ती गोष्ट चालू झाली की स्वयंपाकघरात असायच्या. काही ना काही उतू जात असायचं त्यांचं. वाळवलेला कापूस फ्रेम करून सरांनी बाहेरच्या खोलीत लावला होता. मी जायचे तेव्हा ती फ्रेम माजघराच्या दारामागे असायची. "बाहेर ऊन लागतं, रंग उडतो," आत्या म्हणायच्या. सर ती पुन्हा बाहेर आणून लावायचे. हे त्या घरात कायमचंच चाललं होतं.

तर गणपती झाल्यावर एक दिवस आत्या लोणच्याची बरणी घेऊन प्रयोगशाळेत आल्या. बरणीत समुद्राचं पाणी आणि पाण्यात कापूस.

"हे लाव गं काचेत. बघ तरी, याचं बी पडलं तर काय उगवतं."

"सर म्हणतात कापसाच्या नादी लागू नकोस. काचेत वाढत नाही तो."

"सर म्हणतात!" आत्यांनी तोंड वाकडं केलं. "माझ्या नावाचं आहे ना? मग मी सांगते. लाव. आणि त्याला कशाला सांगायला हवं?"

मला हसू आलं. म्हातारपणी हौस वाटते एकेकाला. ज्या बाईच्या हातचं जेवून मी अंगानं भरले, तिला नाही कसं म्हणू? उकळून गाळलेल्या पाण्यात मी तो गोळा ठेवला. कापसाला बीजकण येतात ते चारचारच्या चौकडीनं. ते बशीच्या तळाला बसले, त्यांना कोंब फुटले, तंतू आले. आत्या रोज दुपारी डबा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, माझं बाळ कसं आहे. मीही कौतुकानं सांगायचे.

मग एका सकाळी भिंगाखाली बघते तर काय! त्या कोंबाला पंख फुटला होता. कापूस नव्हे, पंख. दोन्ही बाजूंना बारीक पिसं फुटलेली, गुलाबी, ओळखू येण्याजोगी. हे पंखाचं शेवाळ माझ्या रोजच्या ओळखीचं, त्याच खडकांवर पोत्यानं मिळतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणा परदेशी माणसानं त्याला नाव ठेवलेलं. सरांच्या वर्गीकरणात तर त्याचं कूळसुद्धा वेगळं होतं.

लाल शेवाळांत हा खेळ असतो. आईला रांजणासारखी फळं येतात. त्यांतून मुलगी होते, ती आईसारखी मुळीच दिसत नाही. तिला चौकडीचे कण येतात, आणि त्यांतून होणारी नात हुबेहूब आजी. आजी आणि मुलगी वेगवेगळ्या सापडल्या, तर माणूस त्यांना दोन वेगळी नावं ठेवून मोकळा होतो. तशा चुका जगभर झाल्या आहेत. सापडल्या की सुधारायच्या. नियम साधा आहे, एका वनस्पतीला एकच नाव, आणि जुनं असेल ते उभं राहतं. नवं पडतं.

म्हणजे अनसूयाए पडणार. आणि ते पाडणार कोण, तर रोज त्यांच्या घरचे घावणे खाणारी मी.

मी त्या बशीवर वर्तमानपत्र टाकलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. सरांचं मोठं पुस्तक, आमच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांचं, छापखान्यात पोचलं होतं, दिवाळीनंतर छपाई सुरू व्हायची होती. मुखपृष्ठावर कापसाचं चित्र. मी रोज ठरवायचे, आज सांगू. सरांसमोर उभी राहिले की दुसरंच काहीतरी विचारून परत यायचे. आणि दुपारी आत्या यायच्या. "काही नाही, आत्या." "अजून काही नाही." प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आदल्या दिवशीपेक्षा जास्त पडायचा. मला वाटायचं, बाईचा जीव अडकलाय त्या नावात. अंगावरचा दागिना ओरबाडून घ्यावा तसं काहीतरी आपण करतोय, आणि वर तोंड पुसून तिचं जेवतोय. रात्री झोप लागेना.

दिवाळी आली. माझा भाऊ जहाजावर होता. आत्या म्हणाल्या, "भाऊबीजेला आमच्याकडेच ये. सरांना ओवाळ, म्हातारा खूश होईल." दिवाळीची अमावस्या नुकतीच गेलेली, त्यामुळे त्या दिवसांत मोठी ओहोटी असते. सर ती कधी चुकवत नसत. भाऊबीजेच्या पहाटे आम्ही तिघं खडकांवर गेलो. आत्या सरांबरोबर आल्या की एरवी वाळूतच बसायच्या. त्या दिवशी त्यांनी नऊवारीचा काचा मारला आणि सर पिशवी घेऊन डावीकडे वळले तशा या सरळ टोकाकडे निघाल्या.

"आत्या, कुठे? तिकडे फार निसरडं आहे!"

"ठाऊक आहे. तुझ्या जन्माआधी मी इथून धावत जायचे." त्या थांबल्याच नाहीत. "कापूस आणते. पहिला उगवला नाही ना? दुसरा देते. यंदाची शेवटची संधी आहे माझी, पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील की नाही कोण जाणे."

मी मागे धावले. मी पोचायच्या आत त्यांचा पाय सटकला. खडकावर कालवं असतात, धार काचेची. गुडघ्यापासून पोटरीपर्यंत साल निघाली आणि रक्ताची धार लागली. आत्या तिथंच बसल्या. एका हातानं गुडघा धरलेला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत कापूस घट्ट.

"हा घे," त्या कण्हत म्हणाल्या. "आधी पाण्यात टाक, सुकेल."

माझा बांधच फुटला. "नको हो आत्या! उगवलंय ते. कधीचं उगवलंय. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"काय उगवलंय?"

"पंख," मी रडत म्हणाले. "कापूस वेगळा नाहीच. तो पंखाचीच दुसरी पिढी आहे. तुमचं नाव जाणार, आत्या, माझ्यामुळे जाणार. म्हणून मी सांगितलं नाही."

आत्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला वाटलं डोक्यावर आपटल्या की काय. आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला.

"अगो, मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून ठाऊक होतं. पंखाला रांजण येतात, चौकडी कधी येत नाही. कापसाला चौकडी येते, रांजण कधी येत नाही. मी दादाला म्हटलं होतं, अरे, ही दोन नव्हेत, ही मायलेक आहेत. थांब, उगवून बघू. त्याला काही पटलं नाही. आणि मग भाऊबीजेला त्यानं तबकात माझं नाव घातलं. आता सांग, भावानं तबकात घातलेलं बहिणीनं परत कसं करायचं? माझ्याच नावाची चूक, आणि मीच गप्प. शाळेत मुलींना खरं बोला म्हणून शिकवत होते आणि घरी भिंतीवर ती फ्रेम. दादाच्या एकेका विद्यार्थ्याला मी बरणी नेऊन दिली. सगळे सरांना भ्यायले, कुणी लावलं नाही. तू लावलंस. म्हणून रोज विचारत होते बाई, तुझ्या बशीत जीव अडकला होता माझा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी समजत होते की मी त्यांना जपतेय. आणि ज्या एका शब्दाची त्यांनी उमर घालवून वाट बघितली, तो मी रोज दुपारी कागदाखाली झाकत होते, त्यांचाच डबा खात.

"रडू नकोस," आत्या म्हणाल्या. "हात दे. आणि बशी घरी आण. दादाला आज दाखवू."

"आज? भाऊबीजेला?"

"आजच. मी नाव परत करते म्हटलं तर तो ऐकायचा नाही. बशी बघितली की पटेल त्याला. इतकी वर्षं पटलं नाही ते आज पटेल."

संध्याकाळी पाट मांडला. सर जरीकाठी उपरणं घेऊन बसले, हातात बहिणीसाठी आणलेली साडी. आत्या लंगडत तबक घेऊन आल्या. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, आणि मधोमध माझी काचेची बशी.

"आत्या, ती निरांजनाजवळ नको, उबेनं मरेल!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्यांनी बशी उचलून माझ्याकडे दिली, सरांना ओवाळलं, आणि साडी पुढे आली तशी म्हणाल्या, "ती ठेव. यंदा मी मागून घेणार आहे. आधी यशूच्या हातात काय आहे ते बघ."

सरांनी चष्मा लावला, बशी दिव्याकडे धरली. भिंगसुद्धा लागलं नाही. बघितलं, खाली ठेवली आणि पुन्हा बशीकडे बघेनात.

"कापसातून?" त्यांनी विचारलं.

"हो, सर," मी म्हणाले.

"दादा, आता तरी पटलं ना?" आत्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता, लहान मुलीसारखा. "माझा तुझ्यावर राग नाही. तुला तेव्हा पटलं नाही, त्याला तू काय करणार? चूक कुणाचीही होते. फक्त माझं नाव काढ त्यावरून. एवढंच घाल तबकात."

सर उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होते.

"पटलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तेव्हाच पटलं होतं, अनू. तू रांजण आणि चौकडी म्हणालीस, त्याच क्षणी. पण नवी जात नसती तर माझ्या प्रबंधात काय उरलं असतं? नुसत्या शेवाळांच्या मोळ्या. फेलोशिप गेली असती, नोकरी गेली असती. तू शिक्षण सोडलंस ते फुकट गेलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं."

"आणि माझं नाव?"

"तू बोलू नयेस म्हणून." सरांचा आवाज फुटला. "दुसऱ्या कुणाचं नाव दिलं असतं तर तू कधीतरी बोलली असतीस. स्वतःच्या ओवाळणीला तू वाईट म्हणणार नाहीस, हे मला माहीत होतं. ते नाव तुला दिलं नव्हतं मी. तुझ्या तोंडाला बांधलं होतं."

आत्यांच्या हातातलं तबक तसंच राहिलं. निरांजनाची वात वाकडी होऊन धूर करू लागली तरी त्यांना कळलं नाही. मी तबक काढून घेतलं. त्या आत गेल्या आणि मोरीचं दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज किती तरी वेळ येत होता. सर पाटावरच बसून होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि जाववतही नव्हतं.

त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. आत्या वेळेवर जेवायला वाढायच्या, चहा करून टेबलावर ठेवायच्या आणि निघून जायच्या. सर खालच्या मानेनं खायचे. पुस्तक त्यांनी छापखान्यातून परत मागवलं. मुखपृष्ठ काढलं. फ्रेम स्वतःच्या हातानं उतरवली. मला म्हणाले, "निबंध तू लिही. तुझं नाव आणि अनूचं. माझं नको." मी आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लिही काय लिहायचं ते," आणि तांदूळ निवडत बसल्या. मी लिहीत होते आणि पानापानावर मला वाटत होतं की त्या घरातलं सुख मी मोडलं. सुख कसलं होतं ते आता कळलं होतं, तरी वाटत होतं.

निबंध पुरा झाला तो मी सरांच्या टेबलावर वाचून दाखवला. आत्या आत चहा करत होत्या. वर जुनं, खरं नाव. आणि त्याच्या खाली, अशा निबंधात असते तशी, पडलेल्या नावाची ओळ. अनसूयाए, केळुसकर.

सरांचं बोट त्या ओळीवर थांबलं. "हे कायम राहणार?"

"हो, सर. पडलेलं नाव पुसत नाहीत. खऱ्या नावाखाली नोंदतात. पुढे कुणीही ही वनस्पती नीट नोंदवली, की खाली हेही येईल."

"तांडेल, एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "तिचं राहू दे. मागचं माझं तेवढं खोडता येतं का?"

त्यांना नियम माझ्याहून जास्त ठाऊक होते. तरी विचारत होते. मला सांगताना जड गेलं.

"नाही, सर. ज्यानं ठेवलं, त्याचं आडनाव मागे लागतंच."

"म्हणजे माझं पाप तिच्या पाठीला कायमचं." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले.

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कळलं नाही. हातात चहा होता. भाऊबीजेनंतर पहिल्यांदा त्या भावाशी बोलल्या.

"असू दे, दादा," त्या म्हणाल्या. "एकटीला मला तिथं करमलं नसतं."

आणि चहा त्यांनी टेबलावर ठेवला नाही, सरांच्या हातात दिला.